राधिकेचा समर कॅम्प आणि श्यामकांतरावांचा बँड

बँड या शब्दाचे रायपुरात दोन अर्थ होतात. एक लग्नात वाजतो तो, आणि दुसरा आपला वाजतो तो. जलसंपदा विभागात लेखाधिकारी असलेल्या श्यामकांत पिंपळापुरे यांना मात्र तिसराही एक अर्थ ठाऊक होता. सव्वीस जानेवारीच्या परेडमध्ये पांढरे हातमोजे घालून, मान जरासुद्धा न वळवता चालतो तो. त्यामुळे एप्रिल संपता संपता एका सकाळी पेपरातून गुलाबी पत्रक खाली पडलं आणि त्यावर 'ऑल छत्तीसगढ युवा ब्रास बैंड समर कैम्प' असं दिसलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पहिला अर्थ आला नाही, दुसरा तर मुळीच नाही. हातमोजे तेवढे आले.

पत्रकात 'अनुशासन', 'व्यक्तित्व विकास' आणि 'प्रमाणपत्र' हे शब्द जाड ठशात होते. पहिल्या शब्दाने श्यामकांतराव विरघळले, दुसऱ्याने हलले आणि तिसऱ्याने गेलेच. सरकारी माणसाला प्रमाणपत्र दाखवा, तो कशाचं आहे हे विचारत नाही. त्यांनी पत्रक मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांच्या पत्नी मंजिरी पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "ब्रास म्हणजे पितळ न? पितळेचे भांडे काय कमी आहेत घरी, वाजवायला?"

प्रश्न राधिकेचा होता. चौदा वर्षांची ही मुलगी आजवर पेटी, चित्रकला, स्केटिंग आणि ॲबॅकस या चारही दालनांतून जशी गेली तशीच बाहेर आली होती. बोलायची कमी. आईवडील मराठीत विचारणार, ती हिंदीत उत्तर देणार, आणि तेही टाळता आलं तर 'हव' म्हणून मोकळी होणार. होकाराचा हा छत्तीसगढी शब्द तिने शाळेतून उचलला होता आणि त्यावर तिचं घरात उत्तम भागत होतं. मुलीत काहीतरी दडलंय आणि ते योग्य शुल्क भरलं की बाहेर येईल, अशी श्यामकांतरावांची श्रद्धा होती. त्यांनी विचारलं, बँड शिकशील का? राधिका म्हणाली, हव.

प्रवेशाच्या अर्जासोबत वयाचा दाखला, चार शेजाऱ्यांची ना हरकत आणि 'फेफड़े सक्षम होने का प्रमाण' मागितलं होतं. श्यामकांतरावांना हे फार आवडलं. जिथे कागद जास्त, तिथे संस्था मोठी, हा त्यांचा नोकरीतला अनुभव. ते राधिकेला घेऊन समता कॉलोनीतल्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी असा दाखला जन्मात दिला नव्हता. त्यांनी तिला खोकायला लावलं, पाठीला नळी लावली आणि 'दोन्ही फुफ्फुसं जागेवर आहेत' असं लिहून खाली शिक्का मारला. सवयीने खोकल्याचं औषधही लिहून दिलं, आणि पैसे दिलेच आहेत तर घ्यावं म्हणून श्यामकांतरावांनी ते तिला आठवडाभर पाजलं.

ना हरकतीच्या निमित्ताने शेजारी घरात शिरले ते महिनाभर बाहेर गेलेच नाहीत. पलीकडचे गुलाबराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर शिट्टी फुंकली असल्यामुळे फुंकण्याच्या यच्चयावत प्रकारांवर आपला अधिकार आहे असं ते समजत. त्यांनी राधिकेला समोर उभं करून सांगितलं, "पोटातून फुकाचं, बाई. गालातून फुकलं तर गाडी जाग्यावरच राह्यते. मले पाय." आणि त्यांनी स्वतः फुंकून दाखवलं, त्यात त्यांची कवळी हलली. समोरच्या लताताईंना वेगळीच काळजी. असं रोज फुंकून पोरीचे गाल लोंबले तर पुढे दाखवायची कशी, हा त्यांचा सवाल. श्यामकांतरावांनी त्यांना युरोपातल्या मुलींबद्दल सांगितलं. त्यांचे गाल लोंबतात की नाही हे खुद्द श्यामकांतरावांनाही माहीत नव्हतं, पण युरोप म्हटल्यावर लताताईंनी सही केली. दुपारच्या झोपेच्या वेळात वाजवायचं नाही, एवढी अट घातली.

राधिकेच्या वाट्याला ट्रम्पेट आलं. ते तिने घरी आणून पहिल्यांदा फुंकलं तेव्हा गल्लीतले दोघेजण आपली गाडी बाजूला घ्यायला धावत बाहेर आले. शहराबाहेरच्या भनपुरीतला एखादा मालट्रक वाट चुकून वस्तीत शिरला असावा, असा त्यांचा समज झाला होता. मग सरावाची जागा शोधणं आलं. न्हाणीघरात आवाज घुमून शेजारच्या न्हाणीघरातून बाहेर पडायचा. गच्चीवर मे महिन्याचं ऊन तापलेलं, तिथे पितळ ओठाला लावणंही अशक्य. शेवटी ट्रम्पेटचं तोंड गादीत खुपसून राधिका वाजवू लागली. गादी आतून हंबरल्यासारखी वाटायची, आणि श्यामकांतराव दुपारी तिच्यावर आडवे झाले की त्यांना भलतीच स्वप्नं पडायची.

कॅम्प भनपुरीत होता. ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे एक पत्र्याची शेड, पुढे मोकळं आवार, आणि आवाराच्या मधोमध भैय्यालाल मास्टर. मिशांना कलप, अंगात सोनेरी झालरीचा लाल कोट. मे महिन्याच्या उन्हात तो कोट घालून उभा राहू शकणारा माणूस शिस्तीचा असणारच, असं श्यामकांतरावांनी मनाशी ठरवलं आणि ते खूश होऊन परतले. तो कोट कोणत्या कामाचा असतो हे रस्त्यावरच्या कुणीही सांगितलं असतं. पण श्यामकांतरावांची रस्त्यावरच्या कुणाला काही विचारायची पद्धत नव्हती.

मास्टरची शिस्त खरोखर कडक होती. पोलीस लाइनच्या कुंपणाबाहेर उभं राहून त्याने ती कवायत पाहून पाहून शिकली होती. 'सावधान' कानावर पडलं की वाद्य मांडीला, टाच टाचेला, नजर समोर. मग डास चावो, घाम डोळ्यात जावो, हलायचं नाही. आणि सुटका करायची ती फक्त लीडरने. लीडर 'विश्राम' म्हणेल तेव्हाच अंग ढिलं सोडायचं, दुसऱ्या कुणी म्हटलं तर नाही. आणि ज्याने 'सावधान' दिलं त्याने सांगितल्याशिवाय लीडरनेही ते म्हणायचं नाही. वर मास्टरला परीक्षा घ्यायची खोड. तो चहावाल्याला, पंक्चरवाल्याला, येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरला मध्येच 'सावधान' ओरडायला सांगायचा, आणि जो पोरगा हलला त्याला आवाराची फेरी. पोरं इतकी तयार झाली की कुणाच्याही तोंडून तो शब्द निघाला की ती खांबासारखी ताठ.

दुपारी जेवायला बोरे-बासी असायची. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, सोबत कांदा. श्यामकांतरावांनी ऑफिसात सांगितलं की कॅम्पमध्ये पोटाच्या आरोग्याचा शास्त्रशुद्ध आहार देतात.

ते ऑफिसात बरंच काही सांगत होते. विदर्भ मित्र मंडळात तर फारच. या मंडळात श्यामकांतरावांचं स्थान होतं, आणि ते मंगलाष्टकांमुळे होतं. रायपुरात आपल्या लोकांत लग्न निघालं की वधूवरांची आणि त्यांच्या आजोळची नावं गुंफून मंगलाष्टकं रचणार पिंपळापुरे आणि माईकसमोर म्हणणारही पिंपळापुरेच. चालीची आणि त्यांची गाठ ओळीच्या सुरुवातीला पडायची, पुढे दोघं आपापल्या वाटेने जायची. पण लग्नघाईत कोण कुणाला काय सांगणार. मंडळाचे अध्यक्ष सुशीलराव यांच्या मुलीचं, शर्मिष्ठेचं लग्न मेअखेरीला होतं, नवरामुलगा नागपूरचा होता, आणि श्यामकांतराव महिनाभर आधीपासून घरात येरझारा घालत मंगलाष्टकं घोकत होते. त्यात त्यांना एक गोष्ट फार भावली. कडव्याअखेर त्यांनी 'शुभमंगल सावधान' म्हटलं की जेवत असलेली राधिका चमचा खाली ठेवून उठून सरळ उभी राहायची. बापाच्या काव्याबद्दल एवढा आदर त्यांना अपेक्षित नव्हता. त्यांनी मंजिरीताईंना ते दाखवलंही. त्या म्हणाल्या, "पोरगी जेवून राहिली, तिला धड जेवू द्या न."

सुशीलरावांनी मंडळाच्या सभेत जाहीरच करून टाकलं, की आपल्या पिंपळापुऱ्यांची कन्या राज्य पातळीच्या ब्रास बँडमध्ये आहे आणि तिचं प्रमाणपत्र आलं की मंडळ तिचा सत्कार करील. 'राज्य पातळी' हा शब्द कुठून आला, हे श्यामकांतरावांना ठाऊक होतं. त्यांनी तो खोडला नाही.

आणि मग एका संध्याकाळी ते ऑफिसातून परतताना भनपुरी रोडवर वरातीमागे अडकले. पुढे घोडा, घोड्यापुढे नाचणारे, नाचणाऱ्यांपुढे बँड, आणि या सगळ्यांमागे अर्धं रायपूर हॉर्न वाजवत उभं. वरातीतल्या बँडवाल्यांबद्दल श्यामकांतरावांची मतं तीव्र होती. या लोकांना काही संस्कार नसतात, असं ते शेजारच्या स्कूटरवाल्याला सांगत असतानाच बँड वळणावर आडवा आला आणि लाल टोपीच्या तुऱ्याखाली, गाल न फुगवता, पोटातून फुंकत, त्यांना स्वतःची मुलगी दिसली.

श्यामकांतरावांनी पहिलं काम काय केलं असेल, तर हेल्मेटची काच खाली ओढली.

दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून भैय्यालालकडे भांडायला गेले. हा काय प्रकार आहे, असं त्यांनी शुद्ध हिंदीत विचारलं. मास्टर जराही डगमगला नाही. "भाईसाहब, वो तो प्रैक्टिकल था," तो म्हणाला, "अब बरात में नहीं बजाएगी तो बजाएगी कहाँ? घर में गद्दे के अंदर?" मग कॅम्प उन्हाळ्यातच काहून ठेवला, असं श्यामकांतरावांनी विचारलं. त्यावर मास्टरने या साहेबाला एवढंही कळू नये म्हणून कीव केल्यासारखं पाहिलं. मे महिन्यातच तर लगन असतात. त्याची जुनी माणसं ऐन हंगामात दुसऱ्या बँडपार्टीत गेलेली, मग त्याने काय करायचं?

श्यामकांतरावांच्या हिशेबी डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. या माणसाला मजूर हवे होते. मजूर पगार मागतात, म्हणून त्याने विद्यार्थी घेतले, जे फी देतात. जलसंपदा विभागात इतकी वर्षं काढूनही ही युक्ती आपल्याला कधी सुचली नाही, याचं त्यांना क्षणभर वैषम्यच वाटलं.

घरी येऊन त्यांनी फर्मान काढलं की कॅम्प बंद. राधिका नेहमीप्रमाणे हव म्हणाली नाही. ती म्हणाली, "मुझे नहीं छोड़ना।" आणि गादीकडे निघून गेली. एवढं स्पष्ट ती आजवर कशाबद्दलच बोलली नव्हती. मंजिरीताईंनी विचारलं, "पोरगी वाजवून राहिली, चोरी तर नाही न करून राहिली? तुमचं नेमकं काय जाऊन राहिलं?"

काय जात होतं हे श्यामकांतरावांना नेमकं माहीत होतं. कॅम्प सोडला तर का सोडला हे मंडळात सांगावं लागणार. नाही सोडला तर कुणीतरी कुठल्यातरी वरातीत तिला पाहणार. पिंपळापुऱ्यांची पोरगी बँडवाल्यांत नाचणाऱ्यांपुढे वाजवते, हे एकदा समता कॉलोनीत, मंडळाच्या लोकांत पोचलं की मंगलाष्टकांचा माईक दुसऱ्याच्या हातात गेलाच. त्यांनी मधला मार्ग काढला. शेवटचं प्रॅक्टिकल होईपर्यंत दिवस ढकलायचे, प्रमाणपत्र हातात घ्यायचं, सत्कार करून घ्यायचा, आणि मग मुलीला बुद्धिबळ लावायचं. शेवटचं प्रॅक्टिकल कधी, असं त्यांनी विचारलं. राधिका म्हणाली, संडेला, कुठल्यातरी मॅरेज हॉलमध्ये. श्यामकांतरावांना हायसं वाटलं. रविवारी शर्मिष्ठेचं लग्न, म्हणजे ओळखीची झाडून सगळी माणसं तिकडे असणार. मुलगी दुसरीकडे काय करते ते बघायला कुणी मोकळं नव्हतं.

रायपुरात मॅरेज हॉल बरेच आहेत, आणि सुशीलरावांनी बँड कुणाचा ठरवलाय हे श्यामकांतरावांनी विचारलं नव्हतं. कवी लोक असल्या तपशिलात जात नाहीत.

रविवारी ते सिल्कचा झब्बा घालून हॉलच्या दारात गुलाबदाणी घेऊन उभे होते. नागपूरकरांची वरात आली, बँड दारापाशी आला, आणि पहिल्याच रांगेत राधिका. गुलाबदाणीतलं पाणी वरमाईच्या ऐवजी त्यांच्या स्वतःच्या झब्ब्यावर पडलं. भैय्यालालला गाठायला ते धावले, तर मास्टर टेम्पोत चढत होता. सिलतऱ्याच्या वाटेवर त्याची याच वेळेची दुसरी वरात होती. त्याने टेम्पोतूनच सांगितलं, की राधिका बिटिया लीडर आहे, काळजीचं कारण नाही, आणि टेस्टही होणार आहे, पोरांना सांगून ठेवलंय.

मग श्यामकांतरावांनी मुलीला मोठ्या कूलरमागे नेलं. कूलरचा आवाज असल्यामुळे तिथे जे बोललं गेलं ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि ते बरंच झालं.

"हे बघ," ते म्हणाले, "आज तू मला ओळखत नाहीस. मी पण तुला ओळखत नाही. कोणी काही विचारलं तरी माझ्याकडे पाहायचं नाही. समजलं?"

राधिकेने टोपीचा तुरा सरळ केला. मग म्हणाली, "हव।"

मुहूर्त जवळ आला. बोहल्यावर अंतरपाट धरला गेला, बँड मांडवाच्या कडेला उभा राहिला, आणि श्यामकांतरावांनी माईक हातात घेऊन खाकरून पहिलं कडवं धरलं. त्यात शर्मिष्ठेचं, तिच्या आजीचं आणि महानदीचं नाव एका ओळीत बसवलं होतं. कडवं संपलं आणि त्यांनी गळा ताणून म्हटलं, "शुभमंगल सावधान."

मांडवाच्या कडेला एकदम खाडकन आवाज झाला. सगळ्या बँडच्या टाचा एकत्र आपटल्या होत्या. वाद्यं मांडीला, नजरा समोर. वऱ्हाडाला वाटलं, ही खास व्यवस्था आहे. नागपूरकर कौतुकाने बघू लागले. पुढची सगळी कडवी होईपर्यंत ती पोरं तशीच. नवतप्याची, म्हणजे वर्षातल्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांतली दुपार, लोकरी टोप्या, मानेवरून घाम वाहतोय, मोठा ड्रमवाला विकी नावाचा पोरगा नाकावरच्या माशीकडे डोळे तिरळे करून बघतोय, पण पापणी हलेल तर शपथ. लताताईंनी टोप्यांखालचं कुणी न ओळखताच शेजारणीला सांगितलं, की असे संस्कार पाहिजेत.

शेवटचं 'सावधान' झालं. अक्षता पडल्या, अंतरपाट खाली गेला, मित्रांनी नवऱ्यामुलाला खांद्यावर उचललं, शर्मिष्ठेने हार वर धरला, आणि गुरुजी बँडकडे हात करून म्हणाले, वाजवा.

काही वाजलं नाही.

वाजवा हो, असं गुरुजी पुन्हा म्हणाले. सुशीलराव म्हणाले, नागपूरचे काका म्हणाले, मागून बायका म्हणू लागल्या. गुलाबरावांनी जाऊन विकीला खांद्याला धरून हलवलं, तर तो हलला आणि पुन्हा जागेवर येऊन ताठ झाला. वाजंत्रीशिवाय हार घालायचा तरी कसा, म्हणून शर्मिष्ठा हार धरून उभी. नवरामुलगा चांगल्या खात्यापित्या घरचा होता, त्याला पेलणाऱ्या मित्रांचे गुडघे थरथरायला लागले. मुहूर्ताची वेळ निघून चालली असं गुरुजींनी तीनतीनदा बजावलं. वरमाईने हा अपशकुन आहे असं म्हणायला तोंड उघडलं होतं.

हॉलभर पसरलेल्या त्या शांततेत काय झालंय हे फक्त एका माणसाला कळलं होतं. घरी चमचा खाली ठेवून उठणाऱ्या मुलीचा आदर कशाबद्दलचा होता, हेही त्याला तेव्हाच कळलं. श्यामकांतरावांनी माईकवर म्हटलं, "विश्राम." वऱ्हाडी दचकून त्यांच्याकडे बघू लागले. बँडने ढुंकून पाहिलं नाही. सुटका लीडरनेच करायची, हा नियम. लीडर टेस्ट समजून समोर बघत होती. त्यांच्याकडे बघायचं नाही, असं तिला सांगितलेलं होतं.

त्यांनी हातवारे केले. खाकरले. "अहो बँडच्या लीडर," असंही म्हणून झालं. राधिकेच्या हनुवटीवरून घामाचा थेंब पडला, नजर तशीच. सुशीलराव हलक्या आवाजात म्हणाले, "पिंपळापुरे, तुम्ही ओळखता काय त्या पोरीला? मग सांगा न काहीतरी."

सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. माईक हातात, तो चालू होता. अशा वेळी माणसाला शहाणपण सुचतं असं म्हणतात, पण श्यामकांतरावांना फक्त भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या खाली, कूलरमागे आपण काय बोललो याची शरम.

"राधिका," ते म्हणाले.

तिने मान न वळवता विचारलं, "पापा, अब पहचानना है क्या?"

ती माईकपासून लांब होती, पण एवढ्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. बायकांच्या बाजूला मंजिरीताई उभ्या राहिल्या.

"हो," श्यामकांतराव म्हणाले. "हो, ओळख. माझी मुलगी आहेस तू. बाबा सांगून राहिलो, वाजव."

राधिका म्हणाली, "विश्राम." पोरांनी श्वास सोडला. मग तिने ट्रम्पेट ओठाला लावलं. वरातीतली गाणी त्यांना अर्धवट यायची. मन लावून शिकलेली अशी कवायतीतली सलामीची एकच धून होती. ती तिने उचलली, मागून विकीचा ड्रम आला, बाकीचे आले, आणि शर्मिष्ठेच्या हातातला हार नवऱ्यामुलाच्या गळ्यात पडला, त्याच वेळी त्याच्या मित्रांनी त्याला खाली सोडून दिलं. लग्न लागलं. स्वातंत्र्यदिन असल्यासारखं लागलं, पण लागलं.

नागपूरचे काका खुशीत येऊन एक कोरी नोट नवरदेवावरून ओवाळून राधिकेपुढे धरायला आले. बँडवाल्यांना देतात तशी, तोंडाकडे न बघता. श्यामकांतराव मध्ये धावले. अहो, ती तशातली नाही, असं ते म्हणायला लागले. कशातली नाही, हे त्यांना पुढे सांगता येईना. राधिकेने नोट घेतली, काकांना सॅल्यूट केला आणि वडिलांना शांतपणे म्हणाली, "पापा, बजाया तो मैंने ही है।"

आता आपली अब्रू जाणार, म्हणून श्यामकांतराव जेवणाच्या पंगतीत कोपऱ्यात बसले. ती जाताना बघायला लोक येतील अशी त्यांची अपेक्षा होती. लोक आले. लताताई आल्या, त्यांच्या भाचीचं लग्न डिसेंबरात होतं आणि आता घरचाच बँड असल्यावर बाहेरचा कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. गाल लोंबण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. गुलाबराव ज्याला त्याला सांगत फिरत होते की पोटातून फुकाले मीच शिकवलं. सुशीलरावांनी सत्काराची तारीख तिथेच ठरवली. ज्या प्रतिष्ठेसाठी श्यामकांतराव इतके दिवस हेल्मेटची काच खाली ओढून फिरले, तिची कुणाला दखलच नव्हती, हे त्यांना जिलबी खाता खाता कळलं आणि फार लागलं. मंगलाष्टकांबद्दल तर कुणी चकार शब्द काढला नाही.

यथावकाश प्रमाणपत्र आलं. सोनेरी वेलबुट्टी, मधोमध राधिकेचं नाव, आणि तळाला 'शादी-ब्याह एवं शुभ अवसरों हेतु संपर्क करें' म्हणून भैय्यालालचा मोबाइल नंबर. फ्रेमवाल्याने नंबर कापायचा का, असं विचारलं, तर मंजिरीताईंनी राहू द्या म्हणून सांगितलं. बुद्धिबळाचा विषय पुन्हा निघाला नाही.

पावसाळ्यात सुशीलरावांकडून लग्नाचा व्हिडिओ आला. श्यामकांतरावांनी मंगलाष्टकांसाठी तो लावला. हॉल दिसला, अंतरपाट दिसला, माईकसमोर सिल्कच्या झब्ब्यातले ते स्वतः दिसले. पण व्हिडिओवाल्याला मंगलाष्टकांचा आवाज काही पसंत पडला नसावा. त्याने तो काढून टाकून तिथे बँडची धून बसवली होती. पडद्यावर श्यामकांतरावांनी डोळे मिटले, छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि आतून राधिकेचं ट्रम्पेट वाजलं.

मंजिरीताई हसता हसता खुर्चीतून खाली यायच्या राहिल्या. राधिकाही हसली. श्यामकांतरावांना आधी संताप आला. व्हिडिओवाल्याला फोन लावायला त्यांनी मोबाइल हातात घेतला, मग तो ठेवला आणि तेवढा भाग पुन्हा लावला. आपल्या तोंडून इतकं सुरात आजवर काही निघालं नव्हतं.